निबंध वापस आला म्हणून कॉलेज सोडायचं नसतं! शाळेचा निबंध वेगळा, कॉलेजचा वेगळा. फर्स्ट इयरच्या पोरांनी आणि त्यांच्या मायबापांनी वाचावं असं काही

२०२४ च्या दसऱ्याआधीची गोष्ट. सोयाबीनची सोंगणी चालू होती. मजूर मिळत नव्हते म्हणून घरचे सगळेच वावरात. दुपारी माझी पुतणी कॉलेजातून थेट वावरात आली. नुकतीच बी.ए. च्या पहिल्या वर्षाला गेली होती. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच पोरगी. हातात चार कागद, डोळ्यात पाणी.

"काका, सरांनी निबंध वापस केला. दहापैकी शून्य."

कागदावर विषय होता, 'हमीभाव आणि शेतकरी'. खाली लाल शाईनं सरांनी एकच ओळ लिहिली होती : हे तुमचं नाही, पुन्हा लिहा.

मी निबंध वाचला. सुरुवात होती, 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' मग 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे.' मग मोबाइलवरून उतरवलेली दोन पानं. भाषा एकदम गुळगुळीत, एकही चूक नाही. पण ज्या घरात दरवर्षी सोयाबीन पिकतं आणि दरवर्षी भावावरून वाद होतो, त्या घरातल्या पोरीच्या निबंधात आमच्या वावरातला एक दाणासुद्धा नव्हता.

मोठ्या भावानं ऐकलं आणि विळा न थांबवता म्हणाला, "झेपत नसन तर राहू दे. जायचा यायचा खर्च, वरून हे शून्य. काय उपेग?"

मंडळी, हे वाक्य किती घरात बोललं जातं ते आपल्याला माहीत आहे. मुलाला म्हणतात तेव्हा तो पुण्याला कामाला जातो. मुलीला म्हणतात तेव्हा तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून मी हा विषय धरला. बाजाराच्या दिवशी तिच्यासोबत कॉलेजात गेलो. सरांनी अर्धा तास बसवून समजावलं. पुढं काही मी स्वतः वाचलं. मी बारावी शिकलेला माणूस, बातम्या लिहून लिहायला शिकलो. पण ही गोष्ट मलाही कुणी कधी सांगितली नव्हती. जे समजलं ते इथं मांडतो.

फरक काय आहे?

दहावीपर्यंत आपण कोणते निबंध लिहितो? 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी शेतकरी बोलतोय', 'सूर्य उगवला नाही तर'. यात वर्णन चांगलं पाहिजे, सुविचार पाहिजेत, अक्षर पाहिजे. पाऊस खरंच किती मिलिमीटर पडला, हे कुणी विचारत नाही. कल्पनेला मार्क असतात.

कॉलेजच्या निबंधात मार्क तीन गोष्टींना असतात. तुम्ही काय म्हणता? कशावरून म्हणता? आणि समोरचा वेगळं म्हणत असेल तर त्याला तुमचं उत्तर काय? भाषा साधी असली तरी चालते. सजावट केली आणि या तीन गोष्टी नसल्या तर मार्क जातात.

नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या संलग्न कॉलेजात २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात पहिल्या वर्षापासून असाइनमेंट, प्रकल्प, अंतर्गत गुण याला महत्त्व आलं आहे. म्हणजे हे लिहिणं आता चुकत नाही. पण शाळेच्या निबंधातून कॉलेजच्या निबंधात उडी कशी मारायची हे शिकवायला कित्येक ठिकाणी वेळच मिळत नाही. पोरांना वाटतं आपल्याला डोकं नाही. तसं काही नाही.

अमेरिकेतली गोष्ट सांगतो. तिथं हार्वर्ड हे मोठं नावाजलेलं विद्यापीठ. १८७४ साली त्यांनी प्रवेश परीक्षेत लेखी निबंध ठेवला. चांगल्या घरातली, चांगल्या शाळेतली पोरं त्यात धडाधड पडली. शेवटी १८८५ च्या सुमारास पहिल्या वर्षाला लेखनाचा विषयच सक्तीचा केला. पुढं तिथल्या बहुतेक कॉलेजांनी तोच रस्ता धरला. आजही तिथं इंजिनिअरिंगच्या पोराला सुद्धा पहिल्या वर्षी साधारण हा विषय करावाच लागतो. सांगायचा मुद्दा असा की, हे जन्मतः कुणालाच येत नाही. हार्वर्डच्या पोरांनाही शिकवावं लागलं.

पंचनामा डोळ्यासमोर ठेवा

मला हे सगळं समजलं ते पंचनाम्यावरून. अतिवृष्टी झाली. तुम्ही तलाठ्याला म्हणालात, "साहेब, लय नुकसान झालं, शेतकरी उद्ध्वस्त झाला." तलाठी काय लिहिणार? काहीच नाही. तो विचारणार, गट नंबर कोणता? पीक कोणतं? पेरा किती? त्यातलं खराब किती? सातबारा दाखवा, फोटो दाखवा, पंचांच्या सह्या घ्या. बांधावरचा शेजारी म्हणाला की पाणी नाल्यामुळं नाही, तुम्हीच बांध फोडल्यामुळं साचलं, तर त्याचंही उत्तर द्यावं लागतं.

कॉलेजचा निबंध म्हणजे असाच पंचनामा आहे. 'नुकसान झालं' हा तुमचा दावा. सातबारा, फोटो, मोजमाप हा पुरावा. पंचांच्या सह्या म्हणजे संदर्भ, म्हणजे कोणती माहिती कुठून आणली ते सांगणं. आणि शेजाऱ्याच्या आक्षेपाला उत्तर म्हणजे दुसऱ्या बाजूचा विचार. यातलं एक जरी नसलं तरी फाइल वापस येते. पुतणीची आली तशी.

पहिली पायरी : विषयातून प्रश्न काढा

'हमीभाव आणि शेतकरी' हा विषय आहे. विषयावर कितीही लिहिता येतं, म्हणूनच काही लिहिता येत नाही. सर म्हणाले, आधी विषयाचा प्रश्न करा. तोही असा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच पाहिजे.

पुतणीला विचारलं, तुला हमीभावाबद्दल काय पडलेलं आहे? ती म्हणाली, "हमीभाव जाहीर होते, मंग आपले बाबा त्याच्यापेक्षा कमी भावात कामून इकतात?"

झाला की प्रश्न! पाच मिनिटांपूर्वी तिला वाटत होतं आपल्याला काही सुचत नाही.

दुसरी पायरी : प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहा

या वाक्याला दावा म्हणा किंवा मुख्य मुद्दा म्हणा. निबंधाचा हा मेढ्या आहे, जनावर त्याच्याभोवतीच फिरलं पाहिजे. दावा कसा ओळखायचा? ज्या वाक्यावर शहाणा माणूस वाद घालू शकतो तो दावा. 'शेतकऱ्याला योग्य भाव मिळाला पाहिजे' यावर कुणी वाद घालणार नाही, म्हणून तो दावा नाही. ती घोषणा झाली.

पुतणीनं चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं ते असं : लहान शेतकऱ्याला सोंगणी झाल्याबरोबर पैसा लागतो आणि माल वाळवायला व ठेवायला त्याच्याकडं जागा नसते, म्हणून हमीभाव जाहीर होऊनही तो त्याच्या हातात पडत नाही.

यावर वाद घालता येतो. एखादा म्हणेल, खरं कारण जागा नाही, खरेदी केंद्र उशिरा सुरू होतं हे आहे. दुसरा म्हणेल, बाहेरून येणारं खाद्यतेल हे कारण आहे. म्हणजे दावा पक्का झाला.

तिसरी पायरी : पुरावा गोळा करा, आणि घरापासून सुरुवात करा

इथं गावातल्या पोरांकडं शहरातल्या पोरांपेक्षा जास्त माल आहे, फक्त त्यांना ते माहीत नसतं. बाजार समितीची हिशोबपट्टी हा पुरावा आहे. ग्रामपंचायतीचा ठराव पुरावा आहे. सातबारावरचा पीकपेरा पुरावा आहे. म्हाताऱ्या माणसाशी केलेली बोलणीसुद्धा पुरावा आहे, जर तुम्ही तारीख, गाव आणि त्यांची परवानगी नोंदवली असेल तर.

पण घरचा पुरावा एकट्यानं पुरत नाही. एका घरावरून अख्ख्या तालुक्याचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी छापील आणि सरकारी माहिती लागते. ती मोबाइलवर फुकट मिळते, फक्त कुठं बघायचं ते माहीत पाहिजे :

– 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' : राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी काढतं, मराठीत असते. पेरा, उत्पादन, सिंचन, शाळा, सगळ्याचे आकडे.
– 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' : आपल्या जिल्ह्याचे तालुकावार आकडे यात सापडतात. आपल्यापैकी बहुतेकांनी याचं नावही ऐकलेलं नसतं.
– राज्य कृषी पणन मंडळाची वेबसाइट : बाजार समित्यांची आवक आणि भाव.
– मराठी विश्वकोश : कोणत्याही विषयाची तोंडओळख करून घ्यायला. मोबाइलवरून उतरवलेल्या अनोळखी मजकुरापेक्षा हा बरा, कारण नोंद लिहिणाऱ्याचं नाव खाली असतं.
– नॅशनल डिजिटल लायब्ररी : आयआयटी खरगपूर चालवते. पुस्तकं आणि शोधनिबंध बघायला.
– कॉलेजचं ग्रंथालय : फी मध्ये त्याचे पैसे भरलेले आहेत, वापरा.

पुतणीनं काय केलं? २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, हा जाहीर आकडा घेतला. सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के, ही अट घेतली. मग गावात आठ-दहा घरी वही घेऊन गेली. तीन प्रश्न विचारले : माल कधी विकला, का विकला, आणि वाळवायला खळं किंवा टिनाचं शेड आहे का? सगळ्या घरची उत्तरं सारखी नव्हती. काही जणांनी माल थांबवला होता. ज्यांनी थांबवला त्यांच्याकडं काय होतं आणि ज्यांनी विकला त्यांच्याकडं काय नव्हतं, हे लिहिता लिहिता तिचा निबंध आपोआप पुढं सरकला.

एक सावधगिरी. वहीत नावं असू द्या, पण निबंधात कुणाच्या कर्जाबिर्जाची गोष्ट नावासकट लिहू नका. 'एक अल्पभूधारक शेतकरी, मुलाखत, तारीख' एवढं पुरतं.

चौथी पायरी : दुसऱ्याची बाजू प्रामाणिकपणे मांडा

आपल्याकडं इथंच गाडी फसते. आपल्याला वाटतं विरोधी मुद्दा लिहिला तर आपली बाजू पडते. उलट आहे. सरांनी पुतणीला विचारलं, "व्यापारी काय म्हणतो ते लिहिलं का?" ती अडतीवर जाऊन विचारून आली. व्यापाऱ्याचं म्हणणं, ओला माल घेतला तर वाळल्यावर वजनात घट येते, ती कुणी भरायची? ही गोष्ट खरीच आहे. तिनं ती लिहिली आणि पुढं लिहिलं की घट येते हे मान्य, पण म्हणूनच वाळवण्याची सोय हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. म्हणजे व्यापाऱ्याच्या मुद्द्यानं तिचा दावा उलट मजबूत झाला.

हे काही परदेशातून आलेलं शास्त्र नाही. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळाच्या खुनाबद्दल शिक्षा झाली आणि त्यावरून बायकांच्या चारित्र्यावर पेपरात टीका सुरू झाली. ताराबाईंनी काय केलं? बायकांवर जे जे दोष ठेवले जातात ते एकेक घेतले आणि विचारलं, हाच दोष पुरुषात नाही का? आधी समोरच्याचा आरोप मांडायचा, मग त्याला उत्तर द्यायचं. कॉलेजच्या निबंधात दुसरं काय करायचं असतं?

बाबासाहेबांचा एक असाइनमेंट

अजून एक उदाहरण द्यायचा मोह होतो. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवर एक निबंध वाचला. 'भारतातील जाती' या नावानं तो ओळखला जातो. पुढल्या वर्षी तो छापून आला.

त्याची बांधणी बघा. आधी जातीची व्याख्या इतरांनी काय केली ते त्यांनी सांगितलं. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, अशी चौघांची नावं घेऊन. प्रत्येकाचं कुठं बरोबर, कुठं कमी पडतं, ते दाखवलं. मग स्वतःचा दावा मांडला की जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीतच लग्न करण्याचं बंधन. तो दावा टप्प्याटप्प्यानं सिद्ध करत नेला. आणि शेवटी म्हणाले की हे माझं म्हणणं चुकीचं आहे असं कुणी दाखवून दिलं तर मी ते सोडायला तयार आहे.

ज्यांनी स्वतः जातीचे चटके खाल्ले, त्या माणसानं राग कागदावर न सांडता पुरावा मांडला. आणि वर 'चूक दाखवा, सोडतो' म्हणण्याची तयारी ठेवली. फर्स्ट इयरच्या पोरांनी हा निबंध जरूर वाचावा. मराठीत भाषांतर मिळतं.

पाचवी पायरी : उचललेलं असेल तर सांगा

पुतणीला शून्य मिळालं ते चुकीच्या माहितीसाठी नाही. दुसऱ्याचं स्वतःचं म्हणून दिलं, यासाठी मिळालं. तिला हे माहीतच नव्हतं. शाळेत आपण गाइडमधला निबंध पाठ करून लिहितो आणि त्याला शाबासकी मिळते. कॉलेजात त्याला चोरी म्हणतात.

नियम सोपा आहे. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरण चिन्ह लावा आणि नाव सांगा. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दात लिहिला तरीही नाव सांगा. आकडा घेतला तर कुठून घेतला ते सांगा. शेवटी यादी द्या : लेखकाचं आडनाव, नाव, वर्ष, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, पान नंबर. वेबसाइट असेल तर कधी बघितली ती तारीख. क्रम कॉलेजप्रमाणं थोडा बदलतो, तो सरांना विचारा.

पुढं एम.ए., पीएच.डी. ला गेलात तर हे फार महागात पडतं. यूजीसीनं २०१८ मध्ये त्यासाठी नियम केले आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर माफ. त्यापुढं जसजसं वाढत जाईल तशी शिक्षा वाढते. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. तेव्हा सवय पहिल्या वर्षापासूनच लागलेली बरी.

आता चॅटजीपीटीसारख्या ॲपबद्दल. सगळी पोरं वापरतात, लपवण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ते कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि लेखक ठणकावून सांगतं. यादीत ते टाकलं आणि सरांनी शोधलं की पकडले गेलात. दुसरं, त्याला तुमच्या बापाची हिशोबपट्टी माहीत नाही. अवघड शब्दाचा अर्थ विचारा, धड्यातलं समजलं नाही ते विचारा, पण लिहायचं काम तुमचं. आणि कॉलेजनं मनाई केली असेल तर मग अजिबात नाही.

सहावी पायरी : मांडणी आणि दुसरा हात

पहिल्या परिच्छेदात प्रश्न आणि दावा. 'कृषिप्रधान देश' वगैरे काही नको, थेट मुद्दा. मग एका परिच्छेदात एकच गोष्ट : आधी ती गोष्ट एका वाक्यात, मग तिचा पुरावा, मग त्या पुराव्यावरून काय कळतं ते. हे शेवटचं पोरं विसरतात. नुसता आकडा टाकून पुढं जातात. आकडा स्वतः बोलत नाही, त्याला बोलतं करावं लागतं. मग दुसऱ्या बाजूचा परिच्छेद. शेवटी निष्कर्ष, आणि त्यात 'यावर अजून काय बघायला पाहिजे' हेही दोन ओळीत.

लिहून झालं की एक दिवस तसंच ठेवा. मग मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य लांब झालं आहे. जिथं ऐकणारा 'कशावरून?' म्हणतो तिथं पुरावा नाही. वखराची एकच पाळी देऊन कुणी पेरत नाही, तसा एका हातात निबंध होत नाही. मी बातमी सुद्धा दोनदा लिहितो.

आणि भाषेचं म्हणाल तर घाबरू नका. बोलताना आपण 'इकतात', 'नसन' म्हणतो, लिहिताना 'विकतात', 'नसेल' लिहायचं. एवढाच फरक. गावातली बोली ही लाज नाही. पण परीक्षेच्या कागदावर प्रमाण भाषा लागते, ती सवयीनं येते. मात्र शेतकऱ्याचं बोलणं जसंच्या तसं दिलं तर अवतरण चिन्हात बोली खुशाल ठेवा.

मायबापांसाठी दोन शब्द

पोरगी रात्री वही घेऊन बसली तर 'काय लिहित बसली' म्हणू नका. तिला विचारा, तुझा मुद्दा काय? आणि ती सांगेल त्यावर वाद घाला. शिकलेलं असायची गरज नाही. पारावर आपण रोज हेच करतो की. 'कशावरून म्हणतोस?' हा प्रश्न अडाणी माणूसही विचारू शकतो, आणि निबंधाला तोच प्रश्न लागतो.

निबंध वापस आला म्हणजे पोरगं नापास झालं असं नाही. वापस देणाऱ्या सरांनी तो वाचला, म्हणून वापस दिला. न वाचता मार्क देणाऱ्यापेक्षा तो मास्तर बरा.

आमच्या पुतणीनं पंधरा दिवसांनी दुसरा निबंध दिला. सोंगणी संपली होती, रात्री मोकळ्या होत्या. हिशोबपट्ट्या कुठं आहेत म्हणून तिनं बापाला विचारलं. भाऊ काही बोलला नाही. उठून पत्र्याच्या पेटीतून तीन वर्षांच्या पट्ट्या काढल्या, सुतळीनं बांधलेल्या. मग तिच्याजवळ बसून एकेक पट्टी सांगत गेला. ही दिवाळीच्या आधीची, ही तुझ्या आजीच्या दवाखान्याच्या वेळची, ही मजुराचे पैसे द्यायचे होते तेव्हाची. ती लिहीत होती.

दहापैकी सात मिळाले. खाली लाल शाईत होतं : दोन ठिकाणी आधार दिलेला नाही. नोव्हेंबरात केंद्रानं त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केल्याची बातमी आली, तेव्हा पोरीचा मला वावरात फोन आला. "काका, माझा एक परिच्छेद आता बदलावा लागते." मार्क मिळून गेले होते, तरी ती बदलायला निघाली होती.

भावानं मार्काबद्दल काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "त्या पट्ट्या वापस ठेवल्या का पेटीत? पुढल्या वर्षी पुन्हा लागतीन."

तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणी यंदा फर्स्ट इयरला असेल तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि पट्ट्या जपून ठेवा.